देवीची तहान

त्या वर्षी कापसानं वऱ्हाडातल्या माणसांची डोकी फिरवून टाकली. समुद्रापलीकडं कुठंतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे. तिच्यापायी तेल्हाऱ्याच्या बाजूच्या काळ्या रानातल्या बोंडाला असा भाव आला, की ज्यांच्या घरी जन्मात धड पितळेची घागर नव्हती ते बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करू लागले. लढाई कोणाची, कशापायी, हे कोणी विचारलं नाही. ती एवढ्यात मिटू नये म्हणून मात्र माणसं मारुतीला नारळ फोडत होती. दूरच्या कोणाची तरी पोरं मरत होती म्हणून आपल्या घरी तूप येत होतं, हे कोणाच्या मनात आलंच तरी ते बोलून दाखवायची गोष्ट नव्हती.

भगवंताचं वावर गावाच्या खालच्या अंगाला होतं. माणूस कष्टाळू, पण भित्रा. आधी असा नव्हता. दोन मुलगे देवीच्या साथीत पाठोपाठ गेले, तेव्हापासून मांजर आडवं गेलं तरी त्याचा पाय अडायचा. आता एकटी शकुन उरली होती, नऊ वर्षांची. तिच्या गळ्यात, दंडाला, कमरेला त्यानं इतके ताईत बांधले होते, की पोरगी धावली की खुळखुळ वाजायची. बायको मनकर्णाबाई ताईतांना नावं ठेवत नसे. पण पोरीला ताप आला तर ती आधी काढा करायची आणि मग अंगाऱ्याकडं वळायची. यावरून घरात कुरबुर चालायचीच.

पहिल्या वेच्याच्या दिवशी सीतादही होतं, म्हणजे कापसाच्या देवीची पूजा. वेचणाऱ्या बाया ओट्या खोचून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, थांबल्या. मनकर्णा दही-भाताचं भांडं घेऊन वावराच्या कोपऱ्यात गेली. फुटलेल्या बोंडांनी भरलेलं एक झाड तिनं निवडलं, त्याला हळदकुंकू लावलं, बुडाशी दही-भात ठेवला आणि एका बोंडाचा कापूस ओढून शेजारच्या झाडाला गुंडाळला.

"सीतामाय, अशीच पांढरीशुभ्र घरी ये," असं म्हणून तिनं हात जोडले. एवढं झाल्याशिवाय तिकडं कोणी बोंडाला हात लावत नाही.

धुऱ्यावर एक साधू उभा राहून हे सगळं पाहत होता. जटा, भगवी कफनी, हातात तांब्याचा मोठा गडू. आवाज इतका मऊ, की ऐकणाऱ्यानं चार पावलं जवळ जावं.

"माई," तो म्हणाला, "देवीला दही दिलंस. पाणी?"

"कायचं पानी, महाराज?" मनकर्णानं विचारलं.

"पाहुण्याला जेवू घातलं की पाणी देतो ना आपण? वावरात असते तोवर देवी जमिनीतून पिते. तुम्ही तिला तोडता, घरी नेता, अंधाऱ्या खोलीत कोंडता. तिथं तिला पाणी कोण देतं? तहानलेली देवी घरात ठेवणं बरं नव्हे, माई. ती मग घरातलं काहीतरी पिते."

मनकर्णा काही बोलायच्या आत भगवंत पुढं झाला आणि साधूच्या पायांवर पडला. त्याच्या मनात काय झालं ते सांगणं अवघड नाही. बाजारात न्यायच्या कापसावर पाणी मारून वजन वाढवायचं, ही युक्ती त्या वर्षी गावोगाव चालली होती. भगवंताच्या मनातही ती रोज येत होती आणि रोज तो तिला भीत होता. पाप आहे, आणि घरात एकच लेकरू आहे. इथं तर एक साधू सांगत होता, की पाणी मारणं पाप नाहीच. न मारणं हेच पाप.

महाराज मारुतीच्या पारावर राहिले आणि हां हां म्हणता गाव त्यांचं झालं. गडूत गंगेचं तीर्थ होतं म्हणे. त्यातला थेंब विहिरीच्या घागरीत टाकायचा आणि घागर देवीवर, म्हणजे खोलीतल्या कापसावर, शिंपायची. ज्याच्या कापसाला तीर्थ मिळालं त्यानं देवीच्या नावानं महाराजांची कापसानं ओटी भरायची. लोक त्यांना तीर्थवाले महाराज म्हणू लागले. एवढा सोयीचा देव कोणाला आवडणार नाही?

शेजारचा नत्थुजी माळी सगळ्यात पुढं होता. त्यानं वांग्यामिरच्यांचं रान मोडून कापूस लावला होता. त्यानं तीर्थ शिंपलं, लगेच बंडी भरली, अकोल्याला नेली, विकून आला, आणि येताना बायकोला पाटल्या घेऊन आला.

"पाह्य, भगवंता," तो ओसरीवर बसून म्हणाला, "पाप असतं तं रस्त्यात बंडीचा आख नसता मोडला? बैल नसता बसला? काई झालं नाई. देवीनंच नेलं मले अकोल्याले."

नत्थुजीचं पाप त्याच्या घरात मुक्कामाला राहिलंच नव्हतं. ते अकोल्यात कोणाच्या तरी गळ्यात पडलं होतं. भगवंताला हे उमजलं नाही. त्यात महाराजांनी त्याला पाराच्या एका बाजूला घेऊन सांगितलं, की शिवरात्रीपर्यंत भाव अजून चढणार, तू घाई करू नकोस, तुझ्यावर देवीची विशेष मर्जी आहे. तो फुगला आणि थांबला.

त्याची कापसाची खोली घराला लागूनच होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, काड्यांचा कुड, त्यावर शेणामातीचा लेप, वर मातीचं धाबं. खिडकी नाही, एकच दार. रोज सांजेला मनकर्णा विहिरीचं पाणी ओढायची. घागरी वाहून तिचे खांदे भरून यायचे. भगवंत कापसाचा एक थर पसरायचा, त्यावर पाणी शिंपायचा आणि शकुन त्यावर नाचून तो दाबायची. पोरीला तो खेळच होता. ताईत खुळखुळायचे, ती हसायची, परकराला कापूस चिकटायचा.

"अजी," मनकर्णानं एकदा विचारलं, "हे देवीसाठी हाय का वजनासाठी?"

"तोंड आवर. महाराजांनी सांगतलं हाय."

"महाराजांनी सांगतलं तं मंग दार लावून कायले शिपता? आंगनात शिपा ना, समद्यायच्या देखत."

भगवंतानं हातातली घागर खाली ठेवली. त्यानं हात उगारला नाही. नाचणाऱ्या शकुनकडं पाहत तो हळूच म्हणाला, "त्या दोघायच्या वक्ती बी तू अशीच बोलली होतीस. अंगारा नोको म्हनून."

मनकर्णानं घागर उचलली आणि परत विहिरीवर गेली. त्यानंतर ती त्या खोलीबद्दल पुष्कळ दिवस बोलली नाही. आईला गप्प करायचं असेल तर कुठं बोट ठेवायचं हे नवऱ्याला बरोबर ठाऊक असतं.

पौषातल्या थंडीत एका सकाळी ती वातींसाठी कापूस काढायला खोलीत गेली. दार उघडताच तिला आतून ऊब लागली. बाहेर दात वाजत होते आणि इथं अंगावर घाम येईल असं वाटत होतं. वास आला तो आधी ओल्या घोंगडीचा आणि मग कढईत करपलेल्या सरकीचा. तिनं ढिगात हात घातला. मनगटापर्यंत कोमट, कोपरापर्यंत गरम, खांद्यापर्यंत घातला तेव्हा तिला तो झटक्यानं काढून घ्यावा लागला. मुठीत आलेला कापूस पिवळा, चिकट होता आणि त्यातली सरकी काळी पडून मऊ झाली होती.

ती तशीच मूठ धरून नवऱ्याकडं धावली. "अजी, कापूस तापला. समदा आंगनात काढा, उनात टाका. आत्ताच्या आत्ता. ओली कडब्याची गंजी कशी आतून पेटते, तसं होऊन राह्यलं."

भगवंतानं ती पिवळी मूठ पाहिली. अंगणात काढला तर सगळ्या गावाला तो रंग दिसणार. पाणी मारल्याचं दिसणार, आणि देवीनं स्वीकारलं नाही हेही दिसणार. हेच जास्त भयंकर. त्यानं बायकोच्या मुठीतला कापूस काढून घेतला, चुलीत टाकला आणि पाराकडं पळाला.

महाराज आले. मागोमाग नत्थुजी आला, बाया आल्या. महाराजांनी ढिगात हात घातला आणि क्षणभर त्यांचा चेहरा बदलला. मनकर्णा समोरच उभी होती. तिनं ते पाहिलं. तिला जे कळलं तेच त्यांनाही कळलं होतं. एका घरचा सडका कापूस बाहेर आला, की ज्यांचा विकायचा राहिला होता ते सगळे आपापल्या खोल्या उघडून पाहणार, आणि मग या माणसाला गावातून पायी जाता आलं नसतं.

"देवी जागी झाली!" महाराज ओरडले. "हात लावून पहा. अंग गरम आहे तिचं. प्राण आला!"

लोक एकेक करून आत जाऊ लागले, हात घालून दचकू लागले, कपाळ टेकू लागले. भगवंत रडायलाच लागला. कोणी त्याच्या पायाला हात लावला. इतक्या वर्षांच्या भीतीनंतर देवी त्याच्या घरी आली होती, आणि ती न्यायला नाही, द्यायला आली होती.

"महाराज," मनकर्णा सगळ्यांसमोर म्हणाली, "देवी असो का काई असो, कापूस सडला हाय. मले वास येते."

महाराज रागावले नाहीत. त्यांनी भगवंताकडं दुःखानं पाहिलं. "ज्या घरात बाईला देवीचा वास घाण वाटतो, तिथून देवी निघून जाते, बेटा. आणि जाताना रिकाम्या हातानं जात नाही. तुझ्या घरून आधी दोन नेले ना तिनं?"

ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली असेल? गावात काय लपून राहतं! पण भगवंताला ते अंतर्ज्ञान वाटलं. त्यानं मनकर्णाची मान धरली आणि तिचं डोकं महाराजांच्या पायांशी दाबलं. शेजारणी पाहत होत्या. तिच्या कपाळाला माती लागली, कुंकू पुसटलं, आणि उठताना तिला हात द्यायला कोणी पुढं आलं नाही.

मग महाराजांनी सांगितलं, की जागी झालेली देवी एकटी राहत नाही. तिच्यापाशी घरची कुमारिका बसली पाहिजे, अमावास्येपर्यंत, उपाशी, दार लावून. आणि खोलीच्या भेगा बुजवा, देवीचा श्वास वाया जाऊ देऊ नका. वास बाहेर जाऊ नये आणि पोरगी आत असली की आईचं तोंड बंद राहावं, असा दुहेरी डाव होता तो. त्या माणसाला पोरीला मारायचं होतं असं मी म्हणत नाही. तिचं काय होईल याचा त्यानं विचारच केला नसावा, आणि मला ते जास्त भीतीचं वाटतं.

भेगा बुजवायचं काम मनकर्णाच्याच अंगावर आलं. घरातल्या बाईनंच लिंपायचं असतं. तिनं शेणमाती कालवली आणि कुडाला हात फिरवू लागली. बोटं गारठली होती, पण कुड गरम होता. लिंपलेलं हातोहात सुकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुनला न्हाऊ घातलं, नवा परकर नेसवला, कपाळभर मळवट भरला. पोरगी खूश होती. सगळ्या बाया आपल्याला ओवाळतात, मोठी माणसं पाया पडतात, याचं तिला हसू येत होतं. खोलीच्या दारात मात्र ती थबकली.

"बा, आत अंधार हाय."

"देवी हाय ना तुह्यासंग," भगवंत म्हणाला. त्यानं तिला उचलून ढिगाजवळ पाटावर बसवलं आणि बाहेर येऊन कडी घातली.

ओसरीवर महाराज बसले. अंगणात बायांची आरती सुरू झाली. मनकर्णा दाराला कान लावून बसली होती. आरती थांबली की तिला आतून ताईतांची खुळखुळ ऐकू यायची.

"माय," शकुन आतून म्हणाली, "इथं लय गरम लागते."

"मी दार उघडते, बाई. बाहीर ये."

"बोलू नकोस, मुली," महाराज ओसरीवरून मऊ आवाजात म्हणाले. "बोललीस तर व्रत मोडतं. आणि व्रत मोडलं की देवी तुझ्या बापाला नेते."

शकुन एकदम गप्प झाली. बापावर तिचा फार जीव होता. नऊ वर्षांची पोर, ती बापासाठी तोंड मिटून बसली. मनकर्णानं दाराच्या कडीला हात घातला तेव्हा तीच आतून कळवळून म्हणाली, "माय, नोको उघडू. बाले नेते ना ते."

ऊन डोक्यावर आलं. एकदा आतून ओकारीचा आवाज आला. मग, "माय, डोकं ठनकून राह्यलं." मग बराच वेळ काही नाही. मग जीभ जड झालेल्या माणसासारखं काहीतरी, ज्यातला 'माय' एवढाच शब्द कळला. मनकर्णा दारावर थापा मारत होती आणि भगवंत कडी दाबून धरून होता. आरती म्हणणाऱ्या बायांनी आवाज चढवला. त्यांनाही भीती वाटू लागली असावी. भ्यालेली माणसं मोठ्यानं गातात.

खुळखुळ थांबली.

मनकर्णानं दाराच्या फटीतली शेणमाती बोटानं उकरली आणि डोळा लावला. आत निळसर धुकं होतं. ज्वाळा नव्हती. शकुन पाटावरून कलंडून कुडाला टेकली होती. तिचं तोंड लालभडक झालं होतं, जणू कोणी गालांना कुंकू चोळलं होतं.

"माही पोरगी!" ती किंचाळली.

महाराजांनी उठून फटीतून पाहिलं. त्यांचा आवाज पहिल्यांदा थरथरला, पण त्यांनी तो सावरला. "समाधी लागली. चेहऱ्यावरचं तेज पहा. आता तिला जो हात लावेल, त्याच्याच हातून ती मरेल."

बायांनी जमिनीला डोकं टेकलं. भगवंत दाराला पाठ लावून उभा राहिला.

"सरका," मनकर्णा म्हणाली.

"नाई."

"सरका म्हन्ते मी. धूर हाय आत."

भगवंत दोन्ही हात जोडून बायकोपुढं वाकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मनकर्णा, एकच रायली वं आपल्याले. तू हात लावशीन तं हे बी जाईन. पाया पडतो तुह्या. दोघं गेले, हे तरी राहू दे."

तो तिला अडवत होता तो पोरीच्या मायेनंच. मनकर्णाला ते दिसलं, म्हणून तर ती जास्त घाबरली. लबाड माणसाला ढकलून देता येतं. या माणसाला कसं ढकलायचं?

ती मागं सरली. सगळ्यांना वाटलं, बाई शेवटी ताळ्यावर आली. ती घराला वळसा घालून मागं गेली, गोठ्यातली लोखंडी सब्बल उचलली आणि आपणच लिंपलेल्या कुडावर घातली. पऱ्हाटीच्या काड्या कडकड मोडल्या. दुसरा घाव, तिसरा. भगदाडातून असा धूर आला की तिचा श्वास कोंडला. ती पोटावर आडवी पडली, आत हात घालून चाचपू लागली. तिच्या हाताला एक पाय लागला. तो धरून तिनं पोर बाहेर ओढली. काड्यांनी शकुनची पाठ सोलून निघाली आणि नवा परकर फाटला.

भगदाडातून वारा आत शिरला. कुठंतरी खोल दडलेली आग भपकन वर आली. बघता बघता कुड पेटला, धाब्याची लाकडं पेटली. माणसं घागरी घेऊन विहिरीकडं पळाली. भगवंत दारातच उभा होता. नत्थुजीनं त्याला ओढून बाजूला केलं. सगळा कापूस गेला आणि अर्धं घर गेलं. आग विझल्यावर कोणाला तरी महाराजांची आठवण झाली. पारावर कोणीच नव्हतं. ओट्यांचा कापूस तर त्यांनी आधीच कोण्या दलालाच्या बंडीत घालून पाठवला होता.

शकुन जगली. सांजेपर्यंत तिचा श्वास नीट चालू लागला, आणि पुष्कळ दिवसांनी तिनं डोळे उघडले. पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं. आई समोर आली काय, कुत्रं आलं काय, ती सारखीच पाहायची. बोलणं गेलं. घास भरवला की गिळायची, धरून चालवली की चालायची. कधी उगाच हसायची. बाळापूरच्या वैद्यानं नाडी पाहिली आणि सांगितलं, "धूर डोक्यात गेला. देह राहिला, हेच नशीब समजा."

लोकांनी मात्र वेगळंच ठरवलं. घर जळालं, कापूस जळाला आणि पोरगी जळाली नाही. बोलत नाही, कोणाला ओळखत नाही, आपल्याशीच हसते. ही आता शकुन कुठली? देवीनं तिचं अंग घेतलं. महाराज पळाले असतील, पण देवी खरीच होती. ज्यांनी कापसावर तीर्थ मारलं होतं त्यांना हे मानणं फार गरजेचं होतं.

आणि सगळ्यात जास्त गरज होती भगवंताला. जळक्या अंगणात त्यानं मांडव घातला. पाट मांडला. रोज सकाळी तो शकुनला मळवट भरून तिथं बसवू लागला. बाया ओट्या भरू लागल्या. मनकर्णा पोरीला उचलून आत न्यायची, तो परत आणायचा.

"लेकरू हाय ते," मनकर्णा म्हणाली. "तिले उनात बसवू नोका. तिचे पाय पाहा कसे सुजले."

"देवी हाय."

"नाई."

भगवंतानं तिच्याकडं पाहिलं. त्याची नजर विहिरीत पडलेल्या माणसासारखी होती. "ते देवी नसन," तो म्हणाला, "तं मंग म्या काय केलं? सांग. तूच सांग."

उत्तर मनकर्णाच्या ओठांवर होतं. तिनं ते गिळलं. नवऱ्याची कीव आली म्हणून गिळलं, आणि त्या कीवेपायी पोर आणखी कित्येक महिने पाटावर राहिली.

पाऊस झाला, पुन्हा पऱ्हाटी उभी राहिली, पुन्हा बोंडं फुटली. सीतादहीचे दिवस आले आणि लोकांना नवी कल्पना सुचली. देवीनं हात लावलेलं पाणी नेऊन या सालच्या कापसावर शिंपायचं. नत्थुजी पितळी लोटा घेऊन सगळ्यांच्या पुढं बसला होता. अंगण माणसांनी भरलं. भगवंत शकुनचा हात धरून एकेकाच्या पाण्यात तिची बोटं बुडवत होता. मनकर्णा चौकटीला टेकून उभी होती, पोर सकाळपासून पाटावर होती आणि कोणी तिला उठवलं नव्हतं.

मग पाटाखालून पाण्याचा एक ओघळ निघाला. तो शेणानं सारवलेल्या जमिनीवरून हळूहळू पुढं आला. शकुनला काही समजलं नाही. परकर भिजलेला, ती समोर पाहत हसत होती.

पुढं बसलेल्या म्हाताऱ्या पार्वताबाईनं तो ओघळ पाहिला. तिनं त्यात दोन बोटं बुडवली, भक्तिभावानं कपाळाला लावली, आणि मांडीवरच्या नातवाच्या ओठांना लावायला हात पुढं केला. मागच्या बाया रेटू लागल्या. कोणी पदराचं टोक भिजवायला वाकली. नत्थुजीनं लोटा पुढं सरकवला.

भगवंताच्या घशातून असा आवाज निघाला, की नातू दचकून रडायला लागला.

"नोको! नोको लावू त्याच्या तोंडाले!" त्यानं पार्वताबाईचा हात पकडला. "मुतली वं माही पोरगी. मुतली. तिले समजत नाई." तो पाटासमोर गुडघ्यांवर आला आणि आपल्या उपरण्यानं तो ओघळ पुसू लागला. "देवी नोय हे. पोरगी हाय. धुरानं तिची मती गेली. म्या कोंडली तिले. म्या कडी घातली. कापसावर पानी म्या मारलं. इहिरीचं पानी, वजनासाठी. मनात ठाऊक होतं मले, पयल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुमाले बी ठाऊक होतं. नत्थुजीले, समद्यायले."

मग नत्थुजी उठला. "भगवंता, तुह्यं तू पाह्य," तो म्हणाला. "आमची नावं कायले घेतो?" त्यानं लोट्यातलं पाणी तिथंच ओतलं आणि चालता झाला. पार्वताबाई पदरानं कपाळ घासत, शिव्या देत गेली. कोणी म्हणालं, देवी सोडून गेली. कोणी म्हणालं, बापच पापी. भगवंताचं खरं बोलणं कोणालाच नको होतं. त्या साली त्याच्या वावरात वेचायला एकही बाई आली नाही आणि बोंडं उभ्या झाडांवर काळी पडली.

अंगण रिकामं झालं तेव्हा मनकर्णा आली. तिनं शकुनला न्हाणीत नेलं, अंग धुतलं, आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा तिला गुंडाळला. भगवंत भिजलेला परकर घेऊन दगडावर बसला आणि राख लावून घासू लागला. धुऊन झाला तरी तो घासतच राहिला. शेवटी मनकर्णानं परकर त्याच्या हातातून काढून घेतला आणि वाळत घातला.

बोलण्यासारखं खूप होतं, पण आता बोलून पोर परत येणार नव्हती.

तिनं शकुनला त्याच्याजवळ बसवलं आणि चूल पेटवायला वळली. थोड्या वेळानं शकुननं हात हलवला, तिची बोटं बापाच्या हाताला लागली, आणि तिनं त्याचं एक बोट घट्ट धरलं.

भगवंतानं ते बोट हलू दिलं नाही. "मनकर्णा," तो हळूच म्हणाला, "अवं, पाह्य. वळखलं का तिनं मले?"

मनकर्णानं मागं वळून पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. पण त्या घरात आता तिला ते नको होतं.

"नाई," ती म्हणाली. "ते कोनाचं बी बोट धरते."